पवित्र विहीर कोणती आणि पोहायची कोणती?

वाचक भगिनीचे पत्र :

«सप्रेम नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे डॅलसला राहतो. येत्या नाताळच्या सुटीत मेक्सिकोमधील कॅनकून येथे सहा दिवस राहायचे ठरले आहे. पुण्याहून आलेल्या सासूबाईही (वय ६८) बरोबर असतील. मुलगा चौदा वर्षांचा असून शाळेच्या पोहण्याच्या संघात आहे. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला जेमतेम हातपाय मारता येतात आणि मला तर तेवढेही येत नाही. एका दिवसात माया लोकांचे चिचेन इत्सा पाहायचे आणि तिथल्या ‘सेनोते’त, म्हणजे जमीन खचून तयार झालेल्या नैसर्गिक विहिरीत, सर्वांनी पोहायचे, असा ह्यांचा बेत आहे. त्या विहिरीत पूर्वी जिवंत माणसांचा बळी देत असत, असे सासूबाईंच्या वाचनात आले. ‘ज्या पाण्यात माणसे मारली त्यात माझी नातवंडे डुंबणार नाहीत,’ असे त्या म्हणाल्या. ह्यांनी ते हसण्यावारी नेले आणि तेव्हापासून मायलेकांत अबोला आहे. गंमत म्हणजे सासूबाई स्वतः वाईजवळच्या माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आहेत. मी कोणाची बाजू घ्यावी? आणि आम्ही दोघी-तिघींनी तिथे उतरणे सुरक्षित आहे का? कृपया नाव छापू नये.»

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांना आधी एक सांगते. सासूबाईंनी जे वाचले ते खोटे नाही आणि ते हसण्यासारखे तर मुळीच नाही. मात्र त्यांनी ज्या विहिरीबद्दल वाचले आणि तुमचे कुटुंब ज्या विहिरीत पोहणार आहे, त्या दोन निरनिराळ्या विहिरी आहेत. घरातला अबोला या घोटाळ्यावर उभा असेल, तर तो आजच संध्याकाळी मिटू शकेल.

बळींची विहीर म्हणजे चिचेन इत्साच्या उत्तर टोकाचा ‘पवित्र सेनोते’. कुकुल्कान या नागदेवाच्या पिरॅमिडापासून तिच्यापर्यंत सुमारे ३०० मीटर लांबीचा, माया लोकांनी बांधलेला उंचवट्याचा रस्ता जातो. तिचा व्यास साधारण ६० मीटर आहे, कडे सरळ तुटलेले आहेत आणि हिरवट पाणी काठापासून वीस मीटरांहून अधिक खाली आहे. तिथे पोहण्यास पूर्ण मनाई आहे. लोक काठावर उभे राहून पाहतात आणि परततात. यजमानांनी कितीही हट्ट धरला तरी तिथे पाण्याला बोट लावणेदेखील शक्य नाही, हे सासूबाईंना सांगितलेत तर त्यांच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल.

उरलेले निम्मे ओझे इतिहासाचे आहे. सासूबाई वाचनाची आवड असलेल्या दिसतात, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते. पुढे युकातानचा, म्हणजे चिचेन इत्सा ज्या द्वीपकल्पावर आहे त्याचा, बिशप झालेला दिएगो दे लांदा हा स्पॅनिश धर्मगुरू सोळाव्या शतकात लिहून गेला की दुष्काळात देवाला प्रसन्न करण्यासाठी इथे जिवंत माणसे टाकली जात. याच लांदाने १५६२ मध्ये मानी या गावी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या होत्या, तेव्हा त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे कारण नाही. तथापि १९०४ पासून काही वर्षे एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसाने यंत्र लावून या विहिरीचा गाळ उपसला आणि त्यातून सोने, जेड, धूप म्हणून जाळायच्या कोपालच्या डिंकाचे गोळे आणि माणसांची हाडेही निघाली. त्यातील बराचसा ऐवज हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेला आणि काही वस्तू पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. सुंदर कुमारिकांनाच तिथे लोटत असत, ही कहाणी आजही ऐकू येते, पण हाडांच्या तपासणीत ती टिकली नाही, कारण त्यांत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि लहान मुलेही आहेत. विहिरीपासून जवळच १९६७ मध्ये एक भुयारी टाके सापडले होते. त्यातील ६४ बालकांच्या अस्थींचा जनुकीय अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते सर्वच्या सर्व मुलगे होते, त्यांत जुळ्यांच्या दोन जोड्याही होत्या, असे त्यातून समोर आले. हे वाचून तुमच्या सासूबाईंना जे वाटेल तेच मलाही वाटले. त्या काठावर उभे राहून छायाचित्रासाठी दात काढणे माझ्याने झाले नाही.

त्या विहिरीच्या तळाशी निळ्या गाळाचा सुमारे चार मीटर जाडीचा थर होता. देवाला वाहायच्या वस्तूंना माया लोक एक खास निळा रंग लावत. नीळ आणि एक प्रकारची पांढरी माती कोपालच्या धुपाबरोबर तापवून तो तयार होत असे, आणि शतकानुशतके वाहिलेल्या वस्तूंवरून धुऊन निघालेला रंग खाली साचत गेला, असे अभ्यासक मानतात. चाक हा त्यांचा पर्जन्यदेव आणि निळा हा त्याचा रंग. पाऊस मागण्याचा हा व्यवहार किती काळ चालला असेल, याचा अंदाज त्या चार मीटरांवरून करता येतो.

आता दोन विहिरींच्या मुद्द्याकडे वळते, कारण तो मी मांडलेला नाही, खुद्द माया लोकांनीच मांडलेला आहे. चिचेन इत्सात ‘श्तोलोक’ नावाचा दुसरा सेनोते आहे आणि नगराचे रोजचे पाणी त्यातून भरले जाई. देवाची विहीर वेगळी आणि घागरीची विहीर वेगळी. युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. सगळा प्रदेश चुनखडकाचा आहे, पावसाचे पाणी मुरते ते थेट खाली जाते, खडक विरघळवत भुयारे करते, आणि जिथे भुयाराचे छत कोसळते तिथे आकाशाकडे उघडी विहीर तयार होते. माया भाषेत तिला ‘त्सोनोओत’ म्हणतात आणि स्पॅनिश लोकांनी त्याचे ‘सेनोते’ केले. चिचेन इत्सा या नावाचा अर्थच ‘इत्सांच्या विहिरीच्या तोंडाशी’ असा आहे. पाण्यावाचून तिथे नगर वसले नसते, देव नसता आणि आज सहलीला जाण्यासारखेही काही नसते.

एक अवांतर गोष्ट तुमच्या मुलासाठी. सर्व सेनोते उल्कापातामुळे झाले, असे कोणी वाटाड्या त्याला सांगेल. ते पूर्ण खरे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी युकातानमधील चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीने साधारण १८० किलोमीटर व्यासाचे विवर झाले आणि त्याच्या कडेवर सेनोत्यांची एक कमान आहे, हे खरे. परंतु चिचेन इत्सा त्या कमानीच्या बाहेर आहे. आपले लोणारचे विवर अवघे १.८ किलोमीटरचे आणि बसाल्ट खडकातले. बसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे विहीर खणावी लागते आणि तिकडे ती जमिनीतून आपोआप उघडते.

पाणी हे असे एकमेकांशी जोडलेले असल्यामुळेच तिथले नियम समजून घ्या. एका सेनोत्यात जे पडते ते भुयारांतून पुढच्या गावाच्या विहिरीत आणि शेवटी समुद्रातल्या प्रवाळांपर्यंत जाते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी फवाऱ्याखाली स्वच्छ अंघोळ करणे बंधनकारक असते, आणि उन्हाचे मलम, डास पळवायचा फवारा, अत्तर यांतले काहीही अंगावर ठेवून उतरू देत नाहीत. डबीवर ‘निसर्गस्नेही’ लिहिलेले मलमही त्याला अपवाद नाही, असेच समजून चाला. सासूबाईंनी त्या दिवशी केसांना खोबरेल लावू नये आणि गुडघ्यांना बाम चोळू नये, हे मात्र तुम्हीच त्यांना हळुवारपणे सांगायला हवे. उन्हासाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालणे हा उत्तम उपाय आहे. खरे तर या नियमांचे सासूबाईंना नवल वाटणार नाही. पिण्याच्या विहिरीवर कोणी साबण काढला तर काय होत असे, हे त्यांनी माहेरी पाहिलेच असेल.

यजमानांच्या बेतातला माझा खरा आक्षेप एका दिवसाला आहे. कॅनकूनहून चिचेन इत्सा सुमारे २०० किलोमीटर आहे, एका बाजूला किमान अडीच तास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अशाच एका सहलीच्या बसने गेले होते. हॉटेलाहॉटेलांवरून माणसे गोळा करण्यात दीड तास गेला, वाटेत एका दुकानापाशी बस सक्तीने थांबली, अवशेषांपाशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि सेनोत्यात उतरायला मिळाली ती पस्तीस मिनिटे, त्यांतली वीस कपडे बदलण्याच्या रांगेत गेली. अडुसष्ट वर्षांच्या बाईला आणि आठ वर्षांच्या मुलीला अशा दिवसातून नेऊ नका.

त्याऐवजी सहापैकी दोन रात्री वायादोलिद या जुन्या गावात काढा. ते वाटेवरच आहे आणि तिथून चिचेन इत्सा सुमारे ४५ किलोमीटर राहते. अवशेषांचे दार सकाळी आठला उघडते, त्या वेळी तुम्ही दारात असायला हवे, कारण कॅनकूनच्या बसगाड्या यायला लागल्या की पिरॅमिडासमोर जत्रा भरते आणि नाताळात तर ती दुप्पट असते. घड्याळाचा एक घोळ ध्यानात असू द्या. कॅनकून ज्या किंताना रो राज्यात आहे तिथली वेळ चिचेन इत्सा ज्यात आहे त्या युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे असते. जाताना तास मिळतो आणि परतताना तो जातो, आणि विमानाच्या दिवशी हा हिशेब चुकलेले लोक मी पाहिले आहेत. आत दोन निरनिराळी शुल्के भरावी लागतात, एक केंद्राचे आणि एक राज्याचे. पिरॅमिडावर चढणे बऱ्याच वर्षांपासून बंद आहे, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा. अकरापर्यंत अवशेष पाहून व्हावेत, मग भर उन्हात पाण्याकडे जावे, हा क्रम योग्य.

पाणी कोणते, हे सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठरवा. अवशेषांपासून सर्वांत जवळचा, सुमारे तीन किलोमीटरवरचा, म्हणजे इक किल. साठेक मीटर रुंद गोल विहीर, वरून पाण्यापर्यंत लोंबणारी झाडांची मुळे आणि वेली, आणि जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली काळेनिळे पाणी. देखावा खरोखर विलक्षण आहे, परंतु पाण्यापर्यंत खडकात कोरलेला ओलसर जिना आहे आणि तो उतरला तितकाच चढावाही लागतो. शिवाय गर्दी. मला स्वतःला ‘एक बालाम’ या ठिकाणाचा पर्याय अधिक आवडतो. वायादोलिदच्या उत्तरेला अर्ध्या तासावर हे माया नगर आहे, तिथल्या राजाच्या समाधीवरील चुन्याच्या गिलाव्याच्या मूर्ती अजून ताज्या वाटतात, आणि अवशेषांपासून दीडएक किलोमीटरवर श्कान्चे हा सेनोते गावकरी मंडळी स्वतः चालवतात. तिथे सायकलने किंवा पायी जाता येते. मात्र तिथलाही लाकडी जिना तीव्र उताराचा आहे. सासूबाईंना एक मजला चढताना कठडा धरावा लागत असेल, तर चिचेन इत्सा आणि पोहणे यांची सांगडच सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी कॅनकूनच्या दक्षिणेला तुलुमकडे जा. तिथे समुद्राच्या कड्यावर माया नगराचे अवशेष आहेत आणि गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवर ग्रान सेनोते आहे, ज्याचे पाणी जमिनीपासून फार खोल नाही, लाकडी फलाट आहेत आणि काही भाग उथळ आहे. तुमच्या मुलीसाठी आणि तुमच्यासाठीही तोच अधिक सोयीचा. वायादोलिदमध्ये मुक्काम असेल तर गावाच्या मध्यातच सासी नावाचा मोठा सेनोते आहे, तो वरच्या काठावरूनही नीट दिसतो.

गुहेच्या छतातून पाण्यावर उभा प्रकाशाचा झोत पडल्याची छायाचित्रे यजमानांनी पाहिली असतील. डिसेंबरात तिथे मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर चढतो, तेव्हा झोत पडला तर तिरपा पडेल. त्यासाठी तास-दीड तास ताटकळू नका.

आता सुरक्षिततेविषयी, आणि इथे मी कोणतीही सूट देणार नाही. सेनोते हा समुद्रकिनारा नव्हे. किनाऱ्यावर पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला असे वाढत जाते. बहुतेक सेनोत्यांत शेवटच्या पायरीवरून पाय सुटला की खाली एकदम दहा, वीस, इक किलला तर चाळीस मीटरांहून अधिक पाणी असते. ते गोडे असल्यामुळे समुद्राइतके तरंगवतही नाही, आणि साधारण २४ ते २६ अंशांचे असल्यामुळे पहिल्या क्षणी श्वास अडकतो. न येणाऱ्याची धांदल नेमकी त्याच क्षणी उडते. तुम्ही आणि मुलीने लाइफ जॅकेट घातल्याशिवाय शेवटच्या पायरीपर्यंतही जाऊ नये. जॅकेट अनेक ठिकाणी सक्तीचे असते आणि तिथेच मिळते, परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचे हमखास मिळेल असे धरू नका, डॅलसहून बरोबर न्या. काठावरच ते घालून, खांद्यांना धरून वर ओढून पाहा. हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. पाण्यावर आडवा दोर ताणलेला असतो, त्याला धरून दहा मिनिटे तरंगणे हेसुद्धा न पोहणाऱ्या माणसासाठी पुष्कळ झाले. आणि मुलीवर लक्ष ठेवणारे माणूस आधीच नेमा, ‘आपण सगळे आहोतच’ यावर विसंबू नका. ते माणूस पोहता येणारे हवे, म्हणजे ते तुम्ही नव्हे.

तुमच्या मुलाची चिंता मला तुमच्या मुलीपेक्षा अधिक वाटते. संघात पोहणाऱ्या मुलाला पाण्याचे भय नसते, आणि तिथे उडी मारायचे फलाट पाहिले की त्याच्या अंगात वारे शिरेल. उडी फक्त नेमून दिलेल्या जागेवरूनच मारावी, आधी एकदा पोहून तो भाग डोळ्यांनी पाहून घ्यावा, खाली कोणी नाही याची खात्री करावी आणि पाय खाली ठेवूनच उतरावे. सूर मारणे आणि मुटका मारणे हे दोन्ही घरच्या तलावासाठी राखून ठेवावे. उंचावरून लाइफ जॅकेट घालून उडी मारल्यास ते पाण्याच्या तडाख्याने वर सरकून मान आणि हनुवटीला इजा करू शकते, हेही त्याला ठाऊक असू द्या. आणि काठाच्या कपारीतून आत जाणारे काळे भुयार दिसले तर तिथे डोकावण्यासाठीही बुडी मारायची नाही. ‘साक आक्तुन’ हे तुलुमजवळचे पाण्याखालचे भुयार ३४० किलोमीटरांहून अधिक लांब असल्याचे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. अशा भुयारांत जाण्याचे शिक्षण वेगळे असते, दोर आणि प्रकाश बरोबर असतो, आणि तरीही तज्ज्ञ माणसे तिथे प्राणास मुकलेली आहेत. डोक्यावर आकाश किंवा मोकळी हवा असेल तेवढ्याच पाण्यात राहायचे, हा नियम त्याच्याकडून बोलून घ्या.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडक्यात सांगते. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा हातात ग्रीन कार्ड असेल तर भारतीय नागरिकाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र नोकरीची मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. तुमच्या आणि यजमानांच्या पासपोर्टवरील शिक्क्यांची तारीख आजच तपासा. गावकऱ्यांच्या सेनोत्यांवर रोख पेसो लागतात, तेही जवळ असू द्या.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची बाजू घ्या, असे मी म्हणेन, परंतु ‘मुलांनी पोहू नये’ ही बाजू नव्हे. पवित्र विहिरीपाशी सर्वांनी जावे, मुलांना तिथे काय घडत असे ते वयाला झेपेल इतपत सांगावे, आणि पोहायचे ते गावकऱ्यांनी पोहण्यासाठी उघडलेल्या पाण्यात, त्यांचे नियम पाळून. अर्थात तेही पाणी कोणाच्या तरी श्रद्धेचे आहेच. युकातानच्या खेड्यांत आजही पावसासाठी पर्जन्यदेव ‘चाक’ याला साकडे घालण्याचा विधी होतो. तिथे आरडाओरडा न करणे आणि पाण्यात वस्तू न टाकणे एवढे तर पाहुण्याने पाळावेच. हे सर्व यजमानांनी आईला स्वतः सांगितले पाहिजे, तुमच्यामार्फत नव्हे. हसले ते, तेव्हा बोलायला सुरुवातही त्यांनीच करावी.

त्या स्वतः पाण्यात उतरतील का, हा प्रश्न त्यांना विचारायचे कोणाच्याच मनात आलेले दिसत नाही. विचारा. डबा बांधून विहिरीत शिकलेल्या माणसाला अथांग पाण्याची ओळख असते, ती तलावात शिकलेल्या तुमच्या मुलालाही नाही. परंतु पन्नास वर्षे न पोहलेल्या शरीराचा भरवसा आठवणीवर ठेवता येत नाही, म्हणून सुटीपूर्वी दोन-तीन वेळा त्यांना आणि मुलीला जवळच्या तलावावर न्या, लाइफ जॅकेट घालून दोघींनाही तरंगू द्या, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या. कासोटा घालून पोहलेल्या पिढीला साडीचे भय वाटत नाही, तरीही तिथे साडी नको. भिजलेले कापड पायांत अडकते आणि त्यावर जॅकेटचे पट्टे नीट बसत नाहीत. पोहण्याचे पूर्ण अंगाचे, पोटरीपर्यंतचे कपडे डॅलसच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतील. त्यांच्या मापाचे घेताना त्यांना बरोबर घेऊन जा, आणि रबरी तळाचे, ओल्या दगडावर न घसरणारे बूट मात्र त्या पाण्यात उतरोत वा न उतरोत, घ्याच.